आज वाढायला कोणी नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मागून बोलायला नको. त्या रविवारी मी पांढरा रस्सा केला नव्हता. विसरले नव्हते, नारळ महाग झाले नव्हते. मुद्दामच नव्हता केला. कोल्हापुरात माणसं जेवायला बोलवायची, मटण करायचं आणि पांढरा करायचा नाही, म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मी इथंच जन्मले, इथंच नांदते. भावकीत आमच्या त्या जेवणाला अजून 'ते स्लॅबवरचं' म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. करू देत. तोंडं त्यांची आहेत.

पण पांढरा रस्सा ही त्या दिवशीची सगळ्यात बारकी भानगड. खरी गोष्ट नळीची आहे, आणि ती सांगायची तर जत्रेपासून सुरुवात करावी लागेल.

सासरच्या गावच्या जत्रेला आम्ही कोल्हापुरातल्या बावड्यातून दर वर्षी जातो. जत्रेचं जेवण म्हणजे दिवसभर पंगतींवर पंगती. पहिली पावण्यांची आणि पोरांची, मग घरच्या बाप्यांची, मग गावातल्या येणाऱ्याजाणाऱ्यांची. आणि सगळ्यात शेवटी, पातेल्यातली तर्री संपून नुसतं लाल पाणी उरलं, की बायकांची. तोवर मटणाच्या नावानं तळाशी मानेची हाडं असतात. आम्ही ती चोखतो आणि एकमेकींना म्हणतो, झालं गं बाई एकदाचं सुरळीत.

माझी लेक तेव्हा नुकती नऊची झाली होती. पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसली होती, पुढ्यात ताट, ताटात लिंबाची फोड. माझ्या चुलत सासूबाई तिथनं जाता जाता म्हणाल्या, "अगं, पोरगी थोराड झाली की आता. तिला काय बसिवतीस? पाणी वाढू दे तिला." एवढंच. बोलून त्या पुढं गेल्यासुद्धा.

इथं मला खोटं बोलायचं नाही. पोरीला कुणी ओढून उठवलं नाही. मी उठवलं. दंडाला धरून उभं केलं आणि पाण्याचा जग तिच्या हातात दिला. एका क्षणाचाही विचार केला नाही. तिनं विचारलं, "आई, मग माझी पंगत कधी?" मी म्हणाले, "आपली शेवटी, बाळा." तिच्या शेजारी तिचा आत्तेभाऊ बसला होता, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तो बसूनच राहिला. दोनदा त्यानं तिच्याकडनं पाणी मागून घेतलं. त्याची काही चूक नाही, पोरगं गुणी आहे. त्याला बसवलेलं, तो बसला. हिला उठवली, ही उठली.

संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले. माझ्या लेखी घडण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं तोच आत्तेभाऊ, म्हणजे माझा भाचा, आमच्याकडं राहायला आला होता. रविवार होता, घरातल्यापुरतं मटण केलं होतं, आणि त्यात नळी एकच आली होती. नळी म्हणजे पायाचं लांब हाड, आत मगज असतो. ताटाच्या काठावर ठोकायची, मगज निघाला तर ठीक, नाही तर तोंड लावून ओढायचा. माझी लेक दात आल्यापासून नळीसाठी भांडलेली आहे. तिला एकदा नळी मिळाली नव्हती म्हणून पोरगी शाळेची चप्पल घालून रुसून जिन्यात बसली होती. म्हणून मी सवयीनं ती एक नळी तिच्या ताटात टाकली.

तिनं ती उचलली आणि भाच्याच्या ताटात ठेवली. "दादाला घे. मला न्हाय आवडत नळी."

इतक्या गोड आवाजात म्हणाली! आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्तीच म्हणतात, त्या कौतुकानं म्हणाल्या, "गुणाची गं माझी बाय." आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. कारण ते वाक्य माझं होतं. शब्द माझे, आवाजही माझाच. मानसुद्धा तिनं माझ्यासारखीच जरा तिरकी केली होती.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी ते वाक्य बोलले. घरात माणसं जास्त, नळ्या कमी, नवी सून काय म्हणणार? मला नाही आवडत. माहेरी माझे वडील माझ्यासाठी नळी बाजूला काढून ठेवायचे, कारण मी घर डोक्यावर घ्यायचे. पण एकदा नाही आवडत म्हटलं की परत आवडते म्हणायची सोय राहत नाही. अकरा वर्षं झाली. आणि हे वाक्य मी तरी कुठनं उचललं? पहिल्या रविवारी मी आत्तींच्या ताटात नळी वाढायला गेले, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला होता. "मला न्हाय आवडत. पोरास्नी घाल."

म्हणजे बघा. एका घरात तीन बायका, आणि तिघींनाही नळी आवडत नाही. हा काय रोग आहे का? बाप्यांना होत नाही, पोरग्यांना होत नाही, नेमका आम्हालाच! त्या दुपारी भांडी घासताना मला असा संताप आला की पातेल्याला पोचा पडला. राग आत्तींचा नव्हता, भाच्याचा नव्हता. जग मी दिला होता पोरीच्या हातात. आता तो काढून घ्यायचा तर मलाच घ्यावा लागणार होता, आणि तेही चारचौघांत. कारण दिलाही चारचौघांतच होता.

म्हणून मी जेवण ठरवलं.

माझा बेत अगदी सोपा होता. माणसं आमच्या घरची चार, माझी मोठी नणंद, तिचा नवरा आणि तो भाचा, आणि माझी ऑफिसातली मैत्रीण तिच्या दोन पोरांना घेऊन. मटण एकदाच शिजवायचं. शिजताना हळद-मीठ, आलं-लसणाचं जे पाणी सुटतं ती अळणी, ती पोरांना भातावर. बाकीच्यात वाटण आणि चटणी घालून तांबडा, मोठ्यांना. झालं. भाकरी मी थापणार नाही, आमच्या गल्लीच्या तोंडाला एक बाई भाकरी करून देतात त्यांना सांगायच्या. कांदा, लिंबू, दही. पाण्याचा तोटीचा जार मागवायचा, तहान लागेल त्यानं उठावं. पातेली वर स्लॅबवर, म्हणजे गच्चीत, मधोमध ठेवायची, भोवतीनं चटया. ज्यानं त्यानं घ्यावं नि बसावं. पोरं, बाया, बाप्ये, सगळी एका वेळी. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही. जेवल्यावर आपलं ताट आपण विसळायचं.

आणि पांढरा नाही. का, ते सांगते. पांढरा फुटतो. गरम ठेवावा तर उकळी येता कामा नये, म्हणून पंगत उठेपर्यंत एक बाई पातेल्यापाशी डाव हलवत उभी लागते. आजवर आमच्या घरात कुठलीही पंगत बसली की ती उभी बाई मी होते, आणि माझ्या आधी आत्ती. म्हटलं, नकोच. जो रस्सा बाईला बसू देत नाही त्याच्याशिवाय माणसं जगतील.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. मग म्हणाला, "दाजींनी काय उठून वाढून घ्यायचं?" दाजी म्हणजे नणंदेचा नवरा. घरचा जावई, आमच्याकडं जावयाला पावणं म्हणतात, आणि पावण्याचं ताट कधी रिकामं दिसता कामा नये.

"त्यांच्या पायाला काय झालंय?" मी विचारलं.

"तसं न्हवं गं. मान असतोय."

"मग तुमी उठा पयलं. तुमी घेतलं की ते घेतील."

"व्हय, मी उठतो की. त्यात काय एवढं," नवरा म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन. आमची ताई मनानं चांगली आहे, पण फोनवर अशी बोलते की फोन कशाला लावला असं वाटावं, खिडकीतनं ऐकू आलं असतं. इकडं बोलताना बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात. "अगं, काय ऐकतोय मी? आपलं आपण घ्यायचं म्हणं? आमच्या ह्यांनी वाटी घिऊन रांगेत उभारायचं व्हय? लंगर हाय काय?"

"ताई, तुमी माहेराला येताय. तुमाला एकदा बसून, गरम जेवायला घालायचंय मला."

"मला काय हुतंय! मी काय, कवाबी खातो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पांढरा न्हाय म्हणं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलावलंच न्हाय, ताई."

आत्तींनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते वाढवलं, पण माझ्याशी नव्हे, फ्रिजशी. फ्रिज उघडायच्या आणि आत तोंड करून म्हणायच्या, "आता जावायानं हातात ताट घिऊन हिंडायचं. बघा बाई, शिकलेल्या सुना." झाकायच्या. परत उघडायच्या. "उद्या म्हणतील, भांडी पन घासा." मी कांदे चिरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आत्ती, दार बंद करा, दूध नासंल." त्यांनी दार आपटलं.

माझ्या मैत्रिणीनं मात्र एका शब्दानं वाद घातला नाही. ती गडहिंग्लजची, लिंगायत, मटणाला शिवत नाही. मी तिला सगळं सांगितलं, नळी, जग, पोरीचं वाक्य. ती डबा उघडता उघडता म्हणाली, "आमच्यात नळी न्हाय गं, पण शेवटची पंगत हाय. आमची अव्वा, माझी आई, पुरणपोळी आवडत न्हाय म्हणायची. एकदा मी कपाटामागं तिला पोळी खाताना बघितलं." जेवून दोघींनी डबे धुतले. जाताना ती म्हणाली, "मी भरल्या वांग्याची एण्णेगाई घिऊन येतो. माझं भांडं येगळं ठेव, आणि मला पन वाढू नकोस."

रविवारी सकाळी मटणाला मी गेले. एरवी नवरा जातो. दुकानापुढं बाप्यांची ही रांग, सगळे पिशव्या धरून, माझ्याकडं बघत की ही कुठं चुकून आली. माझा नंबर आला तसं मी म्हणाले, "नळ्या जास्त टाका."

"वैनी, नळ्या सगळ्यास्नीच पायजेत. बोकडाला पाय चारच असत्यात."

"मग दोन बोकडांच्या टाका. आज घरात बायका नळी खाणार हायत."

रांगेतला कुणीतरी फिस्सकन हसला. मी मागं वळून बघितलं, तो रस्त्याकडं बघायला लागला. दुकानदारानं सहा नळ्या टाकल्या आणि वर म्हणाला, "येत जावा की वैनी." जाते मी आता. दर रविवारी जाते.

संध्याकाळी साडेसातला सगळी स्लॅबवर जमली. कारखान्याचा सीझन सुरू होता, हवेत मळीचा तो वास, खाली रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची गाणी. थंडी होती म्हणून पोरांना कानटोप्या. चटया गोल टाकल्या होत्या, मधे दोन पातेली, भाताचं भगुणं, भाकरीची बुट्टी, मैत्रिणीची एण्णेगाई तिच्या भांड्यात वेगळी, जार कट्ट्यावर. सगळी बसली. मी झाकण काढलं. तिखटाचा वास असा सुटला की शेजारच्या स्लॅबवरचा माणूस दोरीवरचे कपडे काढता काढता थांबला.

"घ्या," मी म्हणाले.

कुणी उठेना.

खरं सांगते, सगळी तयारी केली, या एका मिनिटाची तयारी केली नव्हती. दाजी मांडी घालून रिकाम्या ताटापुढं बसलेले, हात मांडीवर. ताई दाजींकडं बघत. भाचा पातेल्याकडं बघत. मैत्रीण माझ्याकडं. आणि आत्ती बसल्याच नव्हत्या. पातेल्यापाशी डाव हातात धरून उभ्या होत्या, पदर खोचून, लढाईच्या तयारीत. आता सुनेचं हसं होतंय, मग मी वाढायला घेते, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. मी नवऱ्याकडं बघितलं. 'मी उठतो की' म्हणालेला माझा नवरा चटईचा कोपरा सरळ करत होता. सरळच होता तो कोपरा. सात जन्माची चटई सरळ केली त्यानं त्या एका मिनिटात.

आणि तेवढ्यात माझी लेक उठली. मला वाटलं, चला, पोरगी तरी धीट निघाली. ती ताट खाली ठेवून माझ्याकडं आली, कानाला लागली आणि म्हणाली, "आई, जग कुठाय?"

सगळी खोळंबली होती आणि नऊ वर्षांच्या पोरीला वाटलं की हे तिच्यामुळं अडलंय. तिनं पाणी वाढलं नाही म्हणून. मला रडू आलं असतं, पण त्याच्या आधी राग आला. राग बरा असतो, त्यानं हात चालतात.

"जग न्हाय," मी मोठ्यानं म्हणाले. "आज वाढायला कोणी न्हाय. बस जा जाग्यावर." मग आत्तींपुढं गेले. "आत्ती, डाव द्या."

त्यांनी दिला. त्यांना वाटलं, मी दाजींना वाढणार. मी माझं ताट घेतलं. एक भाकरी घेतली. वाटीत तांबडा घेतला, वरची तर्री बाजूला न सारता, चांगली तर्रीसकट. मग डाव तळाशी घालून शोधली आणि एक नळी काढून माझ्या ताटात ठेवली. घरच्या बाईनं, यजमानणीनं, पावणं उपाशी बसलेले असताना, पहिलं ताट स्वतःचं वाढून घेतलं. आमच्या सात पिढ्यांत असं झालं नसेल. मग जाऊन दाजींच्या आणि मैत्रिणीच्या मधे जी जागा होती तिथं बसले.

"मला नळी आवडते," मी म्हणाले. आवाज माझाच होता पण जरा जास्तच मोठा निघाला. "लई आवडते. अकरा वर्षं न्हाय आवडत म्हणून सांगितलं, ते खोटं हुतं."

आणि ठोकली. ताटावर, ठण्ण करून. मगज निघाला, खाल्ला. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची चव लागलेला, गरम. अकरा वर्षांनी! अरे, काय भारी लागतो!

मग दाजी खो-खो हसायला लागले. "आयला, मग आमी काय बगत बसायचं व्हय? मला काय हातपाय न्हाईत?" आणि ताट घेऊन उठले. ज्या माणसाच्या मानासाठी दोन बायका आठवडाभर माझ्याशी भांडल्या, तो माणूस पातेल्यात डाव घालून म्हणतो कसा, "अगं, बटाटा न्हाय टाकलास काय ह्यात?" मग आजूबाजूला बघून, "पांढरा?"

"न्हाय."

"न्हायच?"

"न्हाय."

"बरं," म्हणाले आणि तांबड्याच्या दोन वाट्या भरून घेतल्या. संपला विषय. मानाचं एवढंच होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर जी झुंबड उडाली! चटया सरळ करणारा नवराही धावला. पोरं अळणीभात सांडत होती. ताई उठली, बसली, परत उठली, कारण आपलं ताट आधी भरायचं की पोराचं हे तिला समजेना. शेवटी तिनं आपलं भरलं आणि चोरटेपणानं माझ्याकडं बघून एक नळी उचलली. मैत्रिणीच्या पोरानं एण्णेगाई खाऊन 'हाऽऽ हाऽऽ' करत जार गाठला. स्वतः तोटी सोडून पाणी प्याला, निम्मं कानटोपीवर. कुणी मेलं नाही.

आत्ती मात्र कट्ट्याला टेकून उभ्याच. हातातला डाव गेला तसं त्यांना हात कुठं ठेवावे कळत नव्हतं.

"बसा की वो, आत्ती," मी म्हणाले.

"मी बसतो नंतर. उरल्यालं बगतो. माझं काय."

हे असं असतं. मी एवढा तमाशा केला, आणि माझ्या लेकीच्या डोळ्यांपुढं आमच्या घरातली सगळ्यात मोठी बाई अजून उभीच. पोरगी माझ्याकडं बघत होती, मग आज्जीकडं, मग परत माझ्याकडं. दोघींतलं खरं कोण, एवढंच ती बघत होती. मला आता पुढं काय करावं सुचेना. सासूला हाताला धरून बसवता येत नाही. आणि बसवलं तरी ते तसलंच झालं असतं, मी जग दिला तसलं.

मग पोरगी उठली. पातेल्यापाशी जाऊन दोन्ही हातांनी डाव धरून तळात हलवत राहिली. जीभ बाहेर काढून. सापडली तिला एक नळी. ती ताटात ठेवली, शेजारी अर्धी भाकरी ठेवली, आणि ते ताट घेऊन आज्जीपुढं गेली. मी मनात म्हटलं, झालं, परत वाढायलाच उठली.

"आज्जी," ती म्हणाली, "तुला नळी आवडती का? खरं सांग."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला मी आजही नाव देऊ शकत नाही, राग तर होताच. मला वाटलं, आता चारचौघांत माझी काढणार.

"मला काय म्हाईत," आत्ती म्हणाल्या. "खाल्लीच न्हाय कदी."

ताईनं हातातली नळी ताटात खाली ठेवली.

"माहेरात तिघं भाऊ हुते. हितं आल्यावर ह्येचा बा हुता," त्यांनी माझ्या नवऱ्याकडं हनुवटी केली. "मग पोरगी झाली, ह्यो झाला. कवा खाणार? खाल्लीच न्हाय तर आवडती का न्हाय, कसं सांगू?"

मी मघाशी मोठ्या तोऱ्यात खोटं कबूल केलं होतं ना? अकरा वर्षं खोटं बोलले म्हणून? या बाईचं 'न्हाय आवडत' खरं की खोटं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. आयुष्यभर दर रविवारी ज्या हातानं नळ्या शिजवल्या, वाढल्या, त्या हातानं एकही तोंडात घातलेली नव्हती. माझा नवरा ताटात बघत बसला होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले, आणि बरं वाटलं. होऊ देत.

"मग खा की आता," लेक म्हणाली.

आत्तींनी खोचलेला पदर सोडला आणि चटईवर बसल्या. नळी हातात घेतली, फिरवून बघितली. मग ताटाच्या काठावर हळूच टेकवली. ठोकायची कशी हेच त्यांना माहीत नव्हतं.

"जोरात, आज्जी!"

त्यांनी जावयाकडं जराशी पाठ केली, पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि हाणली. ताट उडालं, भाकरी चटईवर. मगज अर्धा आला. त्यांनी तो बोटानं उचलून तोंडात घातला. आम्ही नऊ माणसं त्यांच्या जबड्याकडं बघत बसलो. मळीचा वास, ट्रॉल्यांची गाणी, आणि आत्ती चावतायत, मगज चावायची गरज नसते तरी.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "मीठ कमी पडलंय."

पडलं होतं. मी कबूल केलं.

पोरगी परत पातेल्यापाशी गेली. तळात आता एकच नळी राहिली होती, शेवटची. ती घेऊन आपल्या जागेवर येऊन बसली. शेजारी भाचा, त्याची मघाशीच खाऊन झालेली. त्यानं सवयीनं ताट पुढं केलं. "दे की मला. तुला न्हाय न्हवं आवडत?"

मी ओठ दाताखाली धरून बसले. पोरीनं नळीकडं बघितलं, मग दादाच्या ताटाकडं. तिला तो आवडतो, मला माहीत आहे, तिचा हात जरासा पुढं गेलासुद्धा.

"देऊ नगंस गं," पदराआडनं आत्ती म्हणाल्या, तोंडात नळी धरूनच.

"न्हाय देणार," माझी लेक म्हणाली. "मला आवडती." आणि दोन्ही हातांनी धरून ताटावर ठोकली.